आधी कळशी, मग हंडा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी त्यांना हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातवीनंतर शाळा लांब पडली म्हणून दप्तर खुंटीला लागले, ते कायमचेच. भाषण करणे हे शिकल्या-सवरल्या बायकांचे काम. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही मोटारसायकल चालवता ना? मग तेच सांगा. पहिली गाडी कशी निवडली, कशी शिकलात, एवढेच बोला. ऐकायला सगळ्या बसतील." तेव्हा जे हाताने केले आणि गुडघ्याने सोसले, तेवढेच सांगते. बोलण्यात चूक झाली तर पदरात घ्यावी.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. तालुक्याचे गाव चौदा किलोमीटर, त्यातला पाच किलोमीटरचा उतार आणि वळणे. एस.टी. दिवसातून दोनदा येते आणि संध्याकाळची गेली की आमचे गाव आपले आपणच. आमच्याकडचे मुंबईला नोकरीला असतात, ते महिन्या-दोन महिन्यांनी येतात. घरात मी, माझ्या सासूबाई, माझी मुलगी, माझा मुलगा आणि दोन म्हशी. शेजारच्या सोप्यात जाऊबाई.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र महिना होता. गावातले बाप्ये सगळे जीप करून यात्रेला गेले होते. सासूबाईंना दमा आहे. त्या रात्री अकराच्या सुमारास त्यांना धाप लागली, ती थांबेना. पंप दिला, शेक दिला, उशीला टेकून बसवले, काही उपयोग होईना. ओठ काळसर दिसायला लागले. १०८ नंबरला फोन लावावा तर वीज गेलेली आणि फोनला रेंज नाही. मुलगी फोन घेऊन टेकावर धावली, तिथेही नाही.

आणि आमच्या अंगणात काय होते, सांगू? जाऊबाईंच्या मुलाची, म्हणजे माझ्या पुतण्याची, साडेतीनशे सी.सी.ची नवीकोरी मोटारसायकल. चावी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात. टाकी भरलेली. मी आणि जाऊबाई, दोघी त्या गाडीसमोर कंदील घेऊन उभ्या राहिलो. जाऊबाई म्हणाल्या, "ढकलत तरी नेऊ या का गं?" आम्ही दोघींनी ती स्टँडवरून काढायचा प्रयत्न केला, तर ती अशी कलली की आम्हीच तिच्याखाली सापडायच्या राहिलो. एकशे नव्वद किलोच्या पुढचे ते धूड! पुन्हा कशीबशी उभी केली आणि घरात आलो.

पहाटे साडेचारला दुधाचा टेंपो आला, त्यात घालून सासूबाईंना दवाखान्यात नेले. देवाची कृपा म्हणून त्या वाचल्या. डॉक्टरीणबाई मला रागावल्या. "इतका उशीर का केलात?" मी काय उत्तर देणार? आमच्या दारात गाडी होती, चावी होती, पेट्रोल होते, आणि चालवणारे कोणी नव्हते. हे सांगायलासुद्धा मला लाज वाटली. साडेपाच तास मी त्या म्हातारीचा श्वास मोजत बसले होते. त्या साडेपाच तासांनी मला मोटारसायकल चालवायला शिकवले, बाकीचे सगळे नंतरचे.

घरात विषय काढला तेव्हा काय झाले असेल, ते तुम्हाला निराळे सांगायला नको. हे फोनवरून म्हणाले, "या वयात? हातपाय मोडून घेशील." पुतण्या म्हणाला, "काकी, तुम्ही मागं बसा, मी नेतो की." मी म्हटले, "बाळा, तू यात्रेला गेल्यावर?" त्यावर तो गप्प बसला. जाऊबाईंना लोक काय म्हणतील याची काळजी. सासूबाई मात्र एवढेच म्हणाल्या, "शिकूं दे की तिला. म्या पोहायला शिकले तवाबी लोक बोललंच हुतं. पुराच्या टायमाला कुणी बोललं न्हाई."

आता शिकायचे कोणत्या गाडीवर? पुतण्या मोठ्या मनाने म्हणाला, "माझ्याच गाडीवर शिका." पण मला माझ्या आईची आठवण झाली. लहानपणी मी पाणवठ्यावर जायला लागले, तेव्हा मला हंडा डोक्यावर घ्यायची भारी हौस. मोठ्या मुली हंडा-कळशी घेऊन कशा डौलात चालत! पण आईने मला आधी चुंबळ वळायला शिकवली. मग लहान कळशी दिली, तीही अर्धी भरून. ती न हिंदकळता घरापर्यंत आली, तेव्हा भरलेली कळशी. हंडा आला तो दोन वर्षांनी. आई म्हणे, "भांडं आपल्या मानेच्या मापाचं हवं. लोकांच्या डोळ्यांच्या मापाचं न्हाई." मैत्रिणींनो, पहिल्या मोटारसायकलीबद्दल मला जे काही सांगायचे आहे, ते सगळे माझ्या आईच्या या एका वाक्यात आहे.

माझा धाकटा भाऊ कऱ्हाडजवळ राहतो. त्याच्याकडे शंभर सी.सी.ची जुनी गाडी होती. ती घेऊन तो रविवारी यायचा. भात काढून झालेली वावरे उन्हाने टणक झाली होती, तिथे माझी शाळा भरली. पहिल्या दिवशी त्याने इंजिनच चालू करू दिले नाही. म्हणाला, "आक्का, आज नुसती गाडी धरून चालायची." हँडल धरून वावराला चार फेऱ्या मारल्या, तेव्हा गाडीचा तोल कुठे जातो ते हाताला कळले. मग त्याने ती मुद्दाम जमिनीवर आडवी केली आणि म्हणाला, "आता उचल." मला वाटले, हा चेष्टा करतो आहे. पण चेष्टा नव्हती. पाठ वाकवून हाताने ओढली तर गाडी हलत नाही आणि कंबर मात्र धरते. गुडघे वाकवून, गाडीला अंग लावून, पायांच्या जोरावर उठले की ती उठते. वैरणीचा भारा आपण असाच उचलतो की नाही? डबल स्टँडचेही तसेच. हातांनी गाडी मागे खेचायची नाही. स्टँडच्या दांड्यावर पाय ठेवून सगळे वजन त्यावर द्यायचे, हात नुसते आधाराला. गाडी आपोआप वर चढते.

दुसऱ्या रविवारी क्लच. डाव्या हाताची ती मूठ म्हणजे सगळ्या विद्येचे मूळ. मी ती झटकन सोडायची आणि गाडी खोंडासारखी उडी मारून बंद पडायची. भाऊ म्हणाला, "दुधावरची साय काढतेस तशी सोड, हळूहळू." तेव्हा कुठे जमले. मी एकंदर सहा वेळा पडले. गुडघा फुटला, बांगड्या फुटल्या. भाताच्या वावरात पडले म्हणून तेवढ्यावर निभावले. बांधावर बसून सासूबाई मोजत होत्या. सहाव्यांदा पडल्यावर म्हणाल्या, "बास आता. सात आकडा काय बरा न्हाई."

त्यांनी आणखी एक सल्ला दिला. "काष्टा घाल. चिखलात भात लावताना नऊवारी कुठं अडकत न्हाई, ती गाडीत कशी अडकंल?" त्यांचे म्हणणे वावरापुरते खरे आहे, पण रस्त्यावर वाऱ्याने पदर सुटतो. मागच्या चाकात पदर किंवा ओढणी गुंतली तर मानेला फास बसतो. अशा गोष्टी आपल्या जिल्ह्यातही कानावर येतात. म्हणून मी सलवार-कमीज घालते, ओढणी अंगावर घेऊन मागे कमरेशी घट्ट बांधते, आणि पायात बंद बूट घालते. सुरुवातीला गाव हसले, आता कोणी बघतसुद्धा नाही.

तीन महिन्यांनी हात बसला, तेव्हा गाडी घ्यायची वेळ आली. माझे पहिले सांगणे हेच, की गाडी आधी घेऊन मग शिकू नका. आधी कोणाच्या तरी लहान गाडीवर शिका, मग आपली घ्या. मग काय बघायचे ते आपल्यालाच कळते.

सगळ्यांनी मला सांगितले, "बाईमाणसाला स्कूटर बरी. गिअर नको, काही नको." ते खोटे नाही. कऱ्हाडला माझी बहीण राहते. तिचा रस्ता सपाट, डांबरी, पदोपदी थांबायचे. तिला बिनगिअरची स्कूटरच योग्य. पुढे पाय ठेवायला जागा, भाजीची पिशवी टांगायला हुक. पण आमच्या रस्त्याचे दोन मुद्दे निराळे. एक म्हणजे खड्डे. स्कूटरची चाके साधारण दहा-बारा इंचांची असतात, आणि रोजच्या वापराच्या मोटारसायकलीची सतरा-अठरा इंचांची. मोठे चाक खड्ड्यावरून जाते, लहान चाक खड्ड्यात उतरते. दुसरा मुद्दा उताराचा. गिअरच्या गाडीला खालच्या गिअरमध्ये ठेवले की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते, ब्रेकवर सगळा भार येत नाही. बिनगिअरच्या गाडीत ही धर कमी असते. पाच किलोमीटर उतार सारखा ब्रेक दाबून उतरलो, तर ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर लागेनासा होतो. दुधाच्या कॅन वाहणारी टी.व्ही.एस. एक्स.एल. मलाही फार आवडली. वजनाला हलकी, ओझ्याला काटक. पण तिलाही गिअर नाही, आणि माझ्या मागे दुधाऐवजी सासूबाई बसणार होत्या. म्हणून मी मोटारसायकल पसंत केली. तुमचा रस्ता निराळा असेल तर तुमची गाडीही निराळी असेल. आधी आपला रस्ता बघा.

जाता जाता सांगते. आमच्याकडे पुष्कळ जण पेट्रोल वाचवायला उताराला इंजिन बंद करून, नाहीतर क्लच दाबून गाडी सोडतात. असे कधी करू नका. चमचाभर पेट्रोल वाचते आणि गाडीची धर जाते.

आता मोटारसायकल कोणती? मी चार गोष्टी बघितल्या.

पहिली, उंची. गाडीवर बसले की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि थोडे एका बाजूला सरकले की तो पाय पुरता टेकला पाहिजे. माझी उंची पाच फूट दीड इंच. काही गाड्यांवर मी बसले तर पाय लोंबकळायला लागले, जसे लहान मूल ओट्यावर बसते. गाडी चालताना पडत नाही, उभी राहताना पडते. म्हणून चालवून बघण्याआधी नुसते बसून बघा, आणि घरून जी पादत्राणे घालून गाडी चालवणार, तीच घालून बसा. मी जी घेतली तिची बैठक जमिनीपासून सुमारे एकतीस इंच आहे.

दुसरी, वजन. माझी गाडी सुमारे एकशे दहा किलोची. बुलेट एकशे पंच्याण्णव किलोची आहे. वाईट म्हणून सांगत नाही. ज्याला जमते त्याने ती जरूर चालवावी, माझा पुतण्या ती देखणी चालवतो. पण शिकाऊ माणसाची गाडी पडणारच, आणि डोंगरातल्या रस्त्यावर ती उचलायला दुसरे कोणी नसते. जी गाडी मला एकटीला उचलता येत नाही, ती माझी गाडी नव्हे, असा मी नियम केला. दुकानात मी त्या मुलाला सांगितले, "गाडी स्टँडवरून काढून, मागे ढकलून, पुन्हा स्टँडवर लावून बघते, मग बोलू." तो हसला. हसू दे.

तिसरी, ताकद. शंभर सी.सी.च्या गाडीची ताकद सुमारे आठ घोड्यांची, आणि साडेतीनशेची वीस घोड्यांची. नवशिक्याचा हात कधी दचकून जास्त पिळला जातो. आठ घोडे तेवढी चूक माफ करतात, वीस घोडे करत नाहीत. आणि माझ्या रस्त्यावर चाळीसच्या पुढे काटा जायची गरजच नाही.

चौथी, ब्रेक आणि आडोसा. एक एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नियम झाला आहे. एकशे पंचवीस सी.सी.च्या वरच्या नव्या गाडीला ए.बी.एस. म्हणजे जोराने दाबले तरी चाक अडकून घसरू न देणारा ब्रेक हवा, आणि त्याखालच्या गाडीला निदान जोडब्रेक हवा, म्हणजे एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. जुनी गाडी घेणार असाल तर त्यानंतरची बघा. आणि पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, ही भीती मनातून काढा. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही मिळून, हँडल सरळ ठेवून, हळूहळू दाबायचे. खडीवर, शेणावर किंवा ओल्या पानांवर मात्र आधीच वेग कमी करायचा. आडोसा म्हणजे साडीगार्ड आणि पूर्ण झाकलेली साखळी. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा आडोसा कायद्यानेच हवा. तरुण मुले शोभेसाठी तो काढून टाकतात. आपल्या घरातल्या मुलांना सांगा, मागे कोणाची आई बसणार आहे.

नवी का जुनी? मी जुनी घेतली. नवी गाडी पडली तर काळीज चरकते, जुनी पडली तर नुसता गुडघा. शिवाय पैसा. रेडी विकून आलेले काही, आणि आपल्या बचत गटाचे कर्ज. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जी.एस.टी. अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला आहे, त्यामुळे नवीचाही विचार करायला हरकत नाही. मात्र दुकानाबाहेरच्या पाटीवरची किंमत खरी धरू नका. नोंदणी, कर, विमा आणि दुकानदार बळेच लावतो ते सामान, सगळे धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत कागदावर लिहून मागा.

जुन्या गाडीत मी एकदा फसता फसता वाचले, ते सांगितलेच पाहिजे. एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे एक चकचकीत गाडी दिसली. मी दोन हजार रुपये विसार देऊन आले. घरी मुलीने आर.सी.चा फोटो नीट वाचला, तर खाली बँकेचे नाव! म्हणजे आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेलेच नव्हते. उद्या बँकेची माणसे गाडी ओढून नेती, तर मी काय करणार होते? विसार परत मिळवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला मी सासूबाईंना बरोबर नेले. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पैसं मिळस्तवर मी हितंच हाय. चहा असला तर सांगा." पैसे लगेच मिळाले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते. आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. बँकेचे नाव असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म आल्याशिवाय एक पैसा देऊ नका. गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात, त्यावर सही आपल्यासमोर व्हावी. विमा आणि पी.यू.सी. चालू आहे का बघा. गाडी बघायला सकाळी लवकर जा, म्हणजे थंड इंजिन कसे चालू होते ते कळते. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पुढच्या नळ्यांवर तेल ओघळले आहे का, हँडल सोडले की गाडी एका बाजूला ओढते का, साखळी लोंबते का, हे बघायला आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. शेवटी मी २०१९ सालची स्प्लेंडर घेतली, एका शाळामास्तरांची. त्यांनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली होती.

लायसन्सची मला फार धास्ती होती. सातवी शिकलेल्या बाईला कोण लायसन्स देणार? पण घरच्या वापराच्या दुचाकीसाठी शिक्षणाची अट नाही. वय चाळीसच्या पुढे असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला, एवढेच. आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालते. त्यासाठी खुणांच्या पाट्यांची परीक्षा असते. माझी मुलगी मला चुलीपुढे पाट्या ओळखायला लावायची, पोळी करपली तरी सोडायची नाही. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. कऱ्हाडला आठच्या आकड्यात गाडी फिरवायची होती. पाय टेकायचा नाही. माझ्या आधी चार तरुण मुले होती. माझा पाय टेकला नाही, एवढे सांगून पुढे जाते. शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याशिवाय कोणाला मागे बसवता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि अर्ज करताना गिअरच्या गाडीचेच लायसन्स मागा, बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही.

माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचा हट्ट, मलाही दे. मी दिली नाही. अठरा पुरी झाल्याशिवाय मोटारसायकल चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाने चालवली तर २०१९च्या सुधारलेल्या कायद्याप्रमाणे पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण दंडाचे सोडा. दंड भरता येतो. दुसरे काही झाले तर ते कशाने भरणार? त्याने आठ दिवस अबोला धरला. मी धरू दिला.

गाडीच्या आधी मी हेल्मेट घेतले. गाडीवर भाव केला, हेल्मेटवर केला नाही. आय.एस.आय.ची खूण बघून घ्या. जून २०२१ पासून दुचाकीचे तसेच हेल्मेट विकायचा कायदा आहे. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. नाहीतर ते नुसते भांडे आहे, पडताना आधी तेच उडून जाते. आपल्या बायकांची अडचण अंबाड्याची. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वेणी घालून ती खाली सोडावी लागते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, म्हणून सासूबाईंसाठी दुसरे आणले. मला वाटले, त्या रागावतील. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून बघितले आणि म्हणाल्या, "जलमभर डोस्क्यावर पाटी वाहिली, हे शिप्तर काय जड हाय व्हय!"

आता शेवटचे सांगते. गेल्या पौषात एका रात्री नऊच्या सुमारास सासूबाईंची छाती वाजायला लागली. धाप अजून लागली नव्हती, बोलत होत्या. पहिल्यासारखे दिवस असते तर आम्ही वाट बघितली असती. कमी होईल, सकाळी बघू, एस.टी. येईल. आता वाट बघायचे कारण नव्हते. मी त्यांना स्वेटर घातला, वरून शाल गुंडाळून तिची टोके आत खोचली, पदर कमरेला बांधला, हेल्मेटचा पट्टा लावला, आणि गाडी काढली. उतारभर दुसऱ्या गिअरमध्ये, वीस-पंचवीसच्या वेगाने गेले. पूर्ण उतार त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात घट्ट धरणारा नव्हता, नुसता ठेवलेला होता. मैत्रिणींनो, माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण माझ्यावर एवढा भरवसा ठेवून कोणी हात ठेवल्याचे मला आठवत नाही.

दवाखान्यात वाफ दिली, इंजेक्शन दिले. तासाभरात त्यांना आराम पडला. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या दोन हेल्मेटांकडे बघितले आणि म्हणाल्या, "या वेळी वेळेवर आलात." मला एवढेच पुरे होते. हे मुंबईहून आले की हल्ली माझ्या मागे बसतात. उताराला डोळे मिटतात, पण बसतात.

माझ्या भगिनींनो, आपल्या गावात मी मोजल्या, बेचाळीस मोटारसायकली आहेत आणि त्या चालवणाऱ्या बायका दोन. बाकीच्या घरांच्या अंगणात चावीसकट उभी असलेली गाडी अडचणीच्या वेळी नुसते लोखंड आहे. सगळ्यांनी रोज गाडी उडवावी असे माझे म्हणणे नाही. पण घरात पोहता येणारे एक माणूस असावे, तसे गाडी चालवता येणारे एक बाईमाणूस असावे. माझी मंडळाला विनंती आहे, की सुगी झाल्यावर दर रविवारी सकाळी आमच्या वावरात शिकण्याचा वर्ग भरवावा. माझा भाऊ यायला तयार आहे. सासूबाई बांधावर बसून मोजायला तयार आहेत. आणि माझी गाडी जुनी आहे, तिच्यावर आधीच पुष्कळ ओरखडे आहेत. आणखी पडायला तिची काही हरकत नाही.

पहिली गाडी मिरवायला नसते, शिकायला असते. हंड्याची हौस पुढे कधीही पुरी करता येईल. आधी कळशी घ्या.